सतरा वर्षांनी परत जमलेला हेवी ब्लूज रॉक बँड: डेमोत दणका का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघांचा बँड सतरा वर्षांनी परत जमलाय, सगळे पन्नाशीपुढचे. नऊ नवी गाणी तयार आहेत. प्रत्येकाने आपापल्या घरी क्लिकवर (हेडफोनमधल्या ठरावीक वेगाच्या टिकटिकीवर) वाजवून डेमो केले. ते स्वच्छ आहेत, पण जुन्या रेकॉर्डिंगमधला दणका त्यात नाही. आता माळ्यावरचे ट्यूब (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे) अ‍ॅम्प खाली काढावेत की चांगलं सॉफ्टवेअर घ्यावं? आणि गायकाला जुन्या पट्टीत वरचे सूर लागत नाहीत, त्याचं काय?

अ‍ॅम्प की सॉफ्टवेअर हा वाद नंतरचा. खरी गोम तुम्ही स्वतःच लिहून गेलात: ‘प्रत्येकाने आपापल्या घरी क्लिकवर’. या संगीताचं वजन गिटारच्या आवाजात जितकं असतं, त्याहून जास्त ते ड्रमर, बेसवाला आणि गिटारवाला एकमेकांना ऐकून जे करतात त्यात असतं. रिफच्या (गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या सुरावटीच्या) शेवटच्या सुरावर गिटारवाला जरासा रेंगाळतो, ड्रमर त्याच्यासाठी स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) केसभर उशिरा टाकतो, बेस दोघांच्या मधे बसतो. घरोघरी वेगळं वाजवलं की तिघंही मशीनच्या मागे जातात आणि एकमेकांना सोडतात. मग कितीही भारी अ‍ॅम्प लावा, आवाज मोठा होतो, भारदस्त होत नाही.

पुढचं सगळं चार गोष्टींवर अवलंबून आहे: तुमचा ड्रमर क्लिकशिवाय किती स्थिर वाजवतो, तुम्हाला कशी खोली मिळणार आहे, गायकाचा आवाज नक्की किती उतरलाय आणि हातात किती दिवस आहेत. ड्रमर डळमळीत असेल तर खालचा बराच सल्ला थोडा बदलावा लागेल; तो बदल त्या त्या ठिकाणी सांगतो.

आधी पट्टी ठरवा, कारण तिच्यावर तारा, ट्यूनिंग, रिफ सगळं अवलंबून आहे. गायकाला ताज्या गळ्याने एकदा वरचा सूर लागतो का, हे बघून पट्टी ठरवू नका. चाळीस मिनिटं गायल्यावर कोरसमधला सर्वांत वरचा सूर तो सलग चार वेळा धरू शकतो का, ते बघा. तिथे घसा आवळला जात असेल तर पट्टी अर्ध्या किंवा एका स्वराने खाली घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही, अनेक जुने बँड आज मंचावर खालच्याच पट्टीत वाजवतात.

खुल्या तारांवर बेतलेले रिफ दुसऱ्या पट्टीत सरकवले की त्यांचा जीव जातो, म्हणून बोटं तीच ठेवून गिटारच खाली ट्यून करावी. पण तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. खालची तार ‘ई’वर ८२.४ हर्ट्झला असते, ‘डी’वर ७३.४ला. म्हणजे एक स्वर खाली गेलात की ताण सुमारे २० टक्क्यांनी उतरतो. १०–४६चा संच (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) असेल तर अर्ध्या स्वरासाठी ११–४९ आणि पूर्ण स्वरासाठी ११–५२ घेतला की हाताला जवळपास तोच ताण मिळेल. बेसला ४५–१०५ऐवजी ५०–११०. तारा बदलल्यावर नटच्या (गिटारच्या डोक्याजवळच्या, तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या) खाचा तपासा. जाड तार खाचेत अडकली तर बेंडनंतर (तार ओढून सूर चढवल्यावर) सूर परत जागेवर येत नाही आणि दोष ट्यूनरला दिला जातो. ट्रस रॉड (मानेतली बाक सांभाळणारी सळई) आणि इंटोनेशनही (प्रत्येक पडद्यावर सूर बरोबर येणं) नव्याने लावावं लागेल. हे सगळं रेकॉर्डिंगच्या किमान आठवडाभर आधी करा, म्हणजे तारा आणि गिटारची मान स्थिर होतील.

जाड तार म्हणजेच जड आवाज, हा मात्र गैरसमज. कारखान्यात बोटांची टोकं गमावलेला ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी हलक्या तारा वापरत आला आणि १९७१मध्ये त्याने गिटार दीड स्वर खाली ‘सी शार्प’वर नेली, तीही ताण कमी व्हावा म्हणूनच. झेडझेड टॉपचा बिली गिबन्स तर ०.००७ इंचाच्या वरच्या तारेवर वाजवतो. तेव्हा सैल तारांवर तुमचा गिटारवाला हलक्या हाताने वाजवत असेल तर जुनाच संच ठेवा. जोरात झोडणारा असेल तर मात्र जाड घ्याच, नाहीतर प्रत्येक आघाताला सूर क्षणभर वर चढून खाली येईल आणि बेसशी जुळणार नाही. एका स्वरापेक्षा जास्त खाली जायची वेळ आली तर थांबा आणि कोरसची चालच बदला. पन्नाशीतला आवाज मध्य सप्तकात बहुधा जुन्यापेक्षा जाडसर, खरखरीत आणि जास्त ऐकण्याजोगा झालेला असतो. त्याला तिथेच गाऊ द्या.

आता लय. ७२ बीपीएमच्या (मिनिटाला ७२ ठोक्यांच्या) संथ गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर ८३३ मिलिसेकंद असतं. त्यात स्नेअर १५–२० मिलिसेकंद मागे पडला तर ठेका मागे ओढल्यासारखा, रुबाबदार वाटतो. ५० मिलिसेकंद मागे पडला तर चुकल्यासारखा. हा सगळा खेळ इतक्या छोट्या जागेत होतो. घरी क्लिकवर वाजवून वर कॉम्प्युटरवर ठोके ओळीत सरळ केले असतील, तर नेमकी हीच जागा पुसली जाते. तुमच्या डेमोत हे झालं असण्याची शक्यता मला फार वाटते. फाइल उघडून स्नेअर बरोबर ग्रिडच्या (स्क्रीनवर ठोके दाखवणाऱ्या) रेघांवर बसलेत का, ते एकदा बघाच.

क्लिक पूर्ण टाकून द्यायची गरज नाही. सरावाच्या वेळी मधोमध फोन ठेवून प्रत्येक गाणं रेकॉर्ड करा. जो टेक चौघांनाही आवडतो, त्याच्या कडव्याचा आणि कोरसचा वेग मोजून कागदावर लिहा. रेकॉर्डिंगला फक्त ड्रमरच्या हेडफोनमध्ये दोन बार (ठेक्याची दोन आवर्तनं) क्लिक द्या आणि गाणं सुरू झालं की बंद करा. शेवटापर्यंत वेग दोन-चार बीपीएमने वाढला तर हरकत नाही, कोरसला तो वाढायलाच हवा. आठ-दहाने वाढत असेल तर कारण बहुतेक वेळा ड्रमच्या फिलमध्ये (दोन भागांना जोडणाऱ्या छोट्या तुकड्यात) सापडतं. फिल घाईने संपते आणि पुढचं कडवं त्या नव्या वेगाने सुरू होतं. तिथे ड्रमरला फिल गाळायला सांगा आणि चारही ठोके नुसते मोजायला लावा, दोष जागच्या जागी दिसेल.

ड्रमरचा हात खरंच डळमळीत असेल तर टिकटिक देण्यापेक्षा त्याच वेगाचा शेकरचा लूप द्या. संथ लयीत दोन ठोक्यांमधली मोकळी जागा भरायला काहीतरी लागतं; शेकर ती भरतो आणि त्याच्या मागेपुढे वाजवायला मुभाही राहते.

एका गाण्याचे तीन-चार टेक पुरे. पाचव्यानंतर माणसं चुका टाळायला वाजवतात आणि ते ऐकू येतं. तोवर जमलं नाही तर दुसरं गाणं घ्या. दुसऱ्या टेकचं कडवं आणि तिसऱ्याचा कोरस जोडायचा असेल, तर दोन्हींचा वेग एक-दोन बीपीएमच्या आत हवा. झांज वाजत असताना जोड देऊ नका, तिची शेपूट कापली गेलेली लगेच कळते. बारच्या पहिल्या ठोक्याच्या अगदी आधी द्या.

इतिहासातले दाखले इथे थोडे फसवे आहेत. ब्लॅक सॅबथचा १९७०मध्ये आलेला पहिला अल्बम जवळपास एका दिवसात वाजवून झाला. रोलिंग स्टोन्सने २०१६चा ब्लूज अल्बम तीन दिवसांत उरकला. पण पहिल्यांच्या हातात ती गाणी मंचावर वाजवून मुरलेली होती आणि दुसऱ्यांनी असल्या गाण्यांवर उभा जन्म काढला होता. तुमची गाणी नवी आहेत. एकेका गाण्याचे पंचवीसेक सराव पोटात गेल्याशिवाय स्टुडिओचा दिवस घेऊ नका. जमल्यास त्यातली दोन-तीन लोकांसमोर वाजवून बघा. कुठलं कडवं लांबतंय ते समोरच्यांच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं.

खोलीत चौघं कसे बसता, याला गाण्याच्या मांडणीइतकंच महत्त्व आहे. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. गिटारवाला ड्रमरपासून सहा मीटरवर उभा राहिला तर त्याला ठेका १७–१८ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे वर सांगितलेली सगळी जागा अंतरातच संपली. दोन-तीन मीटरच्या आत राहा, एकमेकांचे हात दिसतील असे. गिटारचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये गळणार, गळू द्या. जुन्या रेकॉर्डिंगमधला एकसंधपणा बराचसा त्या गळतीचाच असतो. अट एकच, गिटारची चूक मग नंतर पुसता येत नाही. ते परवडणार नसेल तर अ‍ॅम्पचा कॅबिनेट शेजारच्या खोलीत ठेवा, वादक मात्र एकत्रच बसवा. गायकाने बूथमधून कच्चं गायचं, खरं गाणं नंतर. पक्कं गाणं घेताना दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नको आणि वरच्या सुरांची गाणी आधी.

ड्रमसाठी बारा माइक लावायचा मोह टाळा. रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्सच्या नावाने ओळखली जाणारी चार माइकची पद्धत या संगीताला फार शोभते. एक माइक स्नेअरच्या डोक्यावर साधारण एक मीटर उंच, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने, हायहॅटच्या (पायाने मिटणाऱ्या झांजजोडीच्या) दिशेने तोंड करून, आणि एकेक किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) व स्नेअरजवळ. पहिल्या दोघांचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर अगदी सारखं हवं. डोळ्यांनी अंदाज करू नका, सुतळी घ्या: एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा, दुसरं वरच्या माइकपर्यंत ताणा आणि तेवढ्याच लांबीवर दुसरा माइक आणा. चार-पाच सेंटीमीटरचा फरक राहिला तरी स्नेअर एका बाजूला सरकतो आणि पोकळ वाजतो. छत अडीच मीटरपेक्षा ठेंगणं असेल तर माइकच्या वर जाड शोषक लावा, नाहीतर छतावरून परतणारा आवाज झांजांना खरवडून काढतो. उंच जिना किंवा हॉल मिळाला तर सोनं. लेड झेपेलिनने १९७१च्या अल्बममध्ये इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्यात ड्रम ठेवून वर दोन बायरडायनॅमिक एम१६० माइक टांगले होते, त्या आवाजामागे अजून लोक धावतात. पण तिथे त्यांचा ड्रमर जॉन बोनमची २६ इंची किक होती आणि तिच्यात उश्या कोंबलेल्या नव्हत्या. तुमच्या किकमध्ये रजई भरलेली असेल तर जिनाही काही करू शकणार नाही.

गिटारचा गेन (आवाज फाटवणारी वाढ) कमी करा. डेमो न ऐकताही हे सांगण्याचं धाडस करतो, कारण घरी हळू आवाजात वाजवणारा जवळजवळ प्रत्येकजण गेन जास्त ठेवतो. आवाजातून जो टिकाव मिळायचा तो मग गेनमधून उसना घेतो. जास्त गेनमध्ये हळू आणि जोरात मारलेली तार सारखीच वाजते, आणि ब्लूजमध्ये त्या फरकाशिवाय उरतं काय? चाचणी सोपी आहे: गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणल्यावर आवाज जवळपास स्वच्छ झाला पाहिजे. होत नसेल तर होईपर्यंत अ‍ॅम्पचा गेन उतरवा. मिड (मधल्या पट्ट्यातला आवाज) कापू नका, गिटार त्यातच राहते. फझ (आवाज खरखरीत फाटवणारं) पेडल असेल तर ते गिटारनंतर थेट पहिलं ठेवा. जुन्या पद्धतीच्या फझला गिटारचं पिकअप सरळ दिसावं लागतं. मधे बफर (सिग्नल सांभाळणारं सर्किट) किंवा वायरलेस आला की व्हॉल्यूम उतरवून स्वच्छ होण्याचा त्याचा गुण जातो. जर्मेनियमचं असेल तर ते तापू देऊ नका, उष्णतेने ट्रान्झिस्टरची गळती वाढून आवाज तुटक होतो.

एकच गिटार असलेल्या बँडमध्ये रिफ दुहेरी वाजवून डावी-उजवीकडे पसरायची सवय आवरा. पसरट होतं, पण ठोसा जातो. कोरसपुरतं दुहेरी ठीक आहे. मधली जागा बेसने भरायची, त्यासाठी बेसलाच थोडं फाटू द्या. बेसचा एक ट्रॅक थेट आणि एक अ‍ॅम्पचा घ्या. माइक स्पीकरपासून ३० सेंटीमीटरवर असेल तर त्याचा आवाज थेट ट्रॅकपेक्षा सुमारे १ मिलिसेकंद मागे असतो. तो सरकवून जुळवला नाही तर बेस पोकळ आणि पातळ वाजतो. लोक मग इक्वलायझरने तळ वाढवत बसतात आणि गढूळ करून ठेवतात.

आता तुमचे जुने अ‍ॅम्प. वापरा, पण कित्येक वर्षं पडून राहिलेला ट्यूब अ‍ॅम्प भिंतीत लावून थेट चालू करू नका. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असू शकतात. अचानक पूर्ण दाब आला की ते फुटू शकतात आणि कधी ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत ४००–५०० व्होल्ट साठलेले राहू शकतात, जिवाशी खेळ आहे. जाणत्या तंत्रज्ञाकडे द्या. त्याने फिल्टर कपॅसिटर, गळके कपलिंग कपॅसिटर आणि ट्यूब तपासून बायस (ट्यूबमधून शांत अवस्थेत किती प्रवाह वाहावा ते) लावावा. अंदाज असावा म्हणून सांगतो: ईएल३४ ट्यूबची मर्यादा २५ वॉट, प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर ६० ते ७० टक्क्यांच्या हिशेबाने शांत अवस्थेतला दर ट्यूबचा प्रवाह ३३ ते ३९ मिलिअँपिअर येतो. तंत्रज्ञ याहून फार वेगळा आकडा सांगत असेल तर कारण विचारा. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प क्षणभरही चालवू नका.

१०० वॉटचा अ‍ॅम्प रेकॉर्डिंगच्या खोलीत बहुधा नको तितका मोठा होतो. १५ ते ३० वॉटचा अ‍ॅम्प ढकलून वाजवलेला बरा. कॅबिनेटच्या जाळीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर शुअर एसएम५७ माइक ठेवा. स्पीकरच्या मध्याकडे आवाज तिखट, कडेकडे मऊ, त्या दोन इंचांत हवा तो आवाज शोधा. सॉफ्टवेअर वाईट नाही. त्याची उणीव अशी की हेडफोनमधून तार हलत नाही. अ‍ॅम्पसमोर उभं राहिल्यावर हवेच्या दाबाने सूर धरला जातो, फीडबॅकमध्ये फुलतो. सॉफ्टवेअरच वापरायचं असेल तर त्याचा आवाज वादकाशेजारच्या एका स्पीकरमधूनही सोडा, बराच फरक भरून निघेल.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट जुने वादक मनावर घेत नाहीत, ती म्हणजे कान. मोठ्या आवाजात वर्षं गेली की ४ किलोहर्ट्झच्या आसपासचं ऐकणं आधी जातं. मग गिटारवाला ट्रेबल वाढवतो, ड्रमर झांजा आणखी मोठ्या मागतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला सुया टोचतात. श्रवणतपासणी करून घ्या. ट्रेबल आणि प्रेझेन्स ठरवताना माइकमधून आलेला आवाज एखाद्या तरुण कानाला ऐकवा आणि त्याचं ऐका. सरावाला कानात १५ डेसिबल कमी करणारे संगीतकारांचे प्लग घाला. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. तुमचा सराव यापेक्षा मोठा असणार.

मास्टरिंगबद्दल (मिक्स झालेल्या गाण्यांवरच्या शेवटच्या हाताबद्दल) थोडंच. मोठ्या आवाजाची शर्यत सोडा. स्पॉटिफाय तसंही नेहमीच्या सेटिंगला गाणी −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजणारं एकक) आसपास आणतं. −११ ते −१० पर्यंत गाणं नैसर्गिकपणे पोहोचत असेल तर तिथे थांबा. त्यापुढे रेटलं की लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) स्नेअरचा पहिला घाव खातो, म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच जातं. विनाइल काढणार असाल तर एका बाजूला १८ ते २० मिनिटं धरा. २२च्या पुढे खाचा अरुंद कराव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. सर्वांत दणकट गाणी बाजूच्या सुरुवातीला, संथ आणि उघडी शेवटी, कारण आतल्या खाचेत सुईचा वेग बाहेरच्यापेक्षा निम्म्याहूनही कमी असतो आणि तिखट आवाज तिथे फाटतो. नऊ गाणी चाळीस मिनिटांत बसत नसतील तर एक गाळा. कुठलं, ते सगळ्यांना मनातून ठाऊक असतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी शेवटचं एक. नव्या गाण्यांचं श्रेय कुणाचं किती, जुन्या नावाने बँड चालवायचा हक्क कुणाचा, मधेच कुणी सोडलं तर काय, हे एका पानावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. ब्लॅक सॅबथचा २०१३चा पुनरागमनाचा अल्बम मूळ ड्रमर बिल वॉर्डशिवाय निघाला. करार सही करण्याजोगा नाही, असं त्याने उघडपणे सांगितलं होतं आणि ड्रमवर ब्रॅड विल्क बसला. ‘आपल्यात कशाला कागद’ असं चौघांपैकी कुणीतरी म्हणेलच. तरी पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधी तो करा. रिफ कुणी आणला आणि तो गाण्यात कुणी बसवला, हे तेव्हा सगळ्यांना आठवत असतं.